बाकळेकाकांची बावीस हजार पावले

पडद्यावरच्या आलेखात चार खांब होते, आणि चौथ्या खांबाची उंची कुणालाच पटत नव्हती.

कृत्तिका सहावीत होती. सुट्टीत ती जांभूळपेठेला आजोबांकडे आली होती आणि रोज सकाळी आरोग्य केंद्रात टिपणशेजारी बसायची. टिपण हा केंद्राचा यंत्रमानव. त्याला तीन चाके होती आणि त्याची कामे दोन होती: नोंदी सांभाळणे आणि गणिते करणे.

पडद्यावरचे गणित आजीचे होते. कृत्तिकाची आजी, डॉ. पल्लवी सोनटक्के, सोळा वर्षे एकच प्रश्न विचारत होती. रोज चालणाऱ्या-फिरणाऱ्या माणसाला हृदयविकार कमी होतो का? गेल्या हिवाळ्यात आजी वारली आणि उत्तर अर्धवट राहिले.

असे प्रश्न सोडवणाऱ्या शास्त्राला साथरोगशास्त्र (कोणता आजार कुणाला होतो आणि का होतो, हे हजारो माणसांच्या नोंदींवरून शोधणारे शास्त्र) म्हणतात. नावात साथ असली तरी त्यात साथीचे नसलेले आजारही येतात. आजीने पेठेतली चार हजार एकशे बारा माणसे निवडली होती. निवडताना प्रत्येकाचे हृदय निरोगी आहे याची तिने खात्री केली. कृत्तिकाला वाटले, आजारी माणसांना का वगळले? टिपणने समजावले की, आजारी माणूस आजारामुळेच कमी चालतो. मग कमी चालल्यामुळे आजार झाला की आजारामुळे चालणे कमी झाले, हे कधीच कळणार नाही.

प्रत्येकाच्या मनगटावर पावले मोजणारा पट्टा बांधला गेला. आजी दर वर्षी प्रत्येकाच्या घरी जाऊन एक फॉर्म भरायची. काम काय करता, तंबाखू खाता का, रक्तदाब किती, या वर्षी छातीत दुखले का. माणसे गाव सोडून गेली तर ती त्यांचा नवा पत्ता शोधून काढायची. सोळा वर्षांत तिच्या हातून एकही माणूस सुटला नव्हता. टिपण म्हणाला की अशा पूर्ण नोंदी त्याने दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत.

आता त्या चार खांबांबद्दल. सर्वांत कमी पावले चालणाऱ्या हजार माणसांमागे ऐंशी जणांना हृदयविकार झाला. त्याहून जरा जास्त चालणाऱ्यांमध्ये सत्तावन्न. आणखी चालणाऱ्यांमध्ये त्रेचाळीस. इथपर्यंत सगळे ठीक होते. पण चौथा गट सर्वांत जास्त पावलांचा, रोज पंधरा हजारांच्या वर. त्यात अडुसष्ट.

"म्हणजे फार चालणं वाईट?" कृत्तिकाने विचारले.

"तसं म्हणता येत नाही. वाईट नाही, असंही म्हणता येत नाही," टिपण म्हणाला. "अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीचं म्हणणं आहे की उत्तर निघत नाही. तीन जूनला अभ्यास बंद होईल."

बंद होईल म्हणजे पुढच्या वर्षी कुणीही कुणाच्या घरी जाणार नाही आणि सगळी कागदपत्रे गोदामात जातील. कृत्तिकाने घरी येऊन हे आजोबांना सांगितले. आजोबा पाण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. आजी गेल्यापासून ते केंद्राकडे फिरकले नव्हते. ते म्हणाले, होऊ दे बंद. आणि परत खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी कृत्तिकाने टिपणला विचारले की चौथ्या गटात आहेत तरी कोण. पाचशे चाळीस माणसे होती. त्यांतली तीनशे एकसष्ट हातमागावर पैठणी विणणारी. कृत्तिका म्हणाली, त्यांना काढून बघ. टिपणने काढले. खांब झरकन खाली आला, थेट एकोणचाळीसवर.

ती धावत घरी गेली. आजोबांनी सगळे ऐकले, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांना राग आला.

"नको ती माणसं काढून टाकली की हवं ते उत्तर कुणालाही मिळतं," ते म्हणाले. "तुझ्या आजीनं असं एकदाही केलं नाही. ते विणकर वेगळे का पडतात ते शोध. त्यांच्या घरी जाऊन बघ."

"मी एकटी कशी जाऊ? मला कोण ओळखतं तिथे?"

आजोबा उठले. मग त्यांनी चपला घातल्या.

रंगनाथ बाकळे पेठेतले जुने विणकर. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता. खड्ड्यात पाय सोडून ते काठावर बसायचे. दोन्ही हातांनी आळीपाळीने आडवा धागा नेणारा धोटा सरकवायचा आणि धागा घट्ट बसवणारी फणी ठोकायची, असे दिवसभर. आजोबांना दारात बघून ते उठू लागले. आजोबांनी त्यांना बसूनच राहायला सांगितले.

बाकळेकाकांना पावलांचे विचारताच त्यांनी मनगट पुढे केले. "काल बावीस हजार. अख्ख्या पेठेत माझ्यापुढं कुणी नाही, पोरी. तो पोस्टमन दिवसभर हिंडतो आणि अकरा हजारांवर दमतो. हा पट्टा रोज संध्याकाळी मला शाबास म्हणतो."

आतून काकूंचा आवाज आला. "पाणी प्यायचं झालं तरी मला हाक मारतात. आणि म्हणे बावीस हजार."

काका हसले आणि त्यांनी पुन्हा धोटा सरकवला. कृत्तिका त्यांच्या मनगटाकडे बघत होती. धोटा गेला, आकडा एकाने वाढला. फणी ठोकली, आकडा पुन्हा वाढला. तिने आजोबांची बाही ओढली. आजोबांनीही पाहिले होते.

पट्ट्याला डोळे नसतात. त्याच्या आत एक बारीक संवेदक (हालचालीचा धक्का ओळखणारा भाग) असतो. चालताना हात पुढे-मागे होतो, तो झोका त्याला कळतो आणि तो एक पाऊल मोजतो. काकांचा हात दिवसभर झोके घेत होता. काका मात्र जागेवर होते. याला मापनदोष (जे मोजायचे ते सोडून भलतेच मोजले जाणे) म्हणतात. सोळा वर्षे दर संध्याकाळी तीनशे एकसष्ट बसलेल्या माणसांना पट्टा शाबास म्हणत होता.

यावर उपाय एकच होता, पुन्हा मोजणे. पट्टा पायाला बांधून चालले नसते, कारण मागाखाली पायही हलतात. म्हणून तो कमरेला बांधायचा ठरला. आजोबा आणि कृत्तिका दोन आठवडे घरोघर फिरले. बाकळेकाकांची पावले निघाली एकोणीसशे. ते कृत्तिकावर रुसले आणि म्हणाले की हा पट्टा बिघडलेला आहे. मग जरा वेळाने त्यांनी आजोबांना हळूच विचारले की त्यांचा धाकटा भाऊ, तोही विणकर, बावन्नाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेला, त्याचे कारण हेच असेल का. आजोबांनी खरे ते सांगितले. एका माणसाबद्दल सांगता येत नाही. पण धोका होता, आणि तो कुणी त्याला सांगितला नव्हता.

टिपणने विणकरांना त्यांच्या खऱ्या गटात, म्हणजे पहिल्यात, ठेवले. वय, तंबाखू आणि रक्तदाब यांचा फरक पडत नाही ना, तेही तपासले. खांब आता पायऱ्यांसारखे उतरले. एक्याऐंशी, सत्तावन्न, त्रेचाळीस, एकोणचाळीस.

"सर्वांत मोठी पायरी पहिलीच आहे," कृत्तिका म्हणाली.

"हो. काहीच न चालणारा थोडंसं चालू लागला, की सर्वांत जास्त फायदा होतो. धावत सुटायची गरज नाही," टिपण म्हणाला. "पण समितीला हे अजून पाठवता येत नाही. चार हजार एकशे अकरा नोंदी पूर्ण आहेत. एक अपुरी आहे. क्रमांक एक."

क्रमांक एक आजी होती. तिने सर्वांत आधी स्वतःचेच नाव घातले होते. माणूस गेला की तारीख आणि कारण घरच्यांनी लिहायचे असते. तो फॉर्म आजोबांच्या खिशात होता, घडी घालून घालून मऊ झालेला.

"ती रोज नऊ हजार पावलं चालायची," आजोबा म्हणाले. "आणि हृदयानंच गेली. हे लिहिलं तर तिचंच उत्तर खोटं पडेल, असं वाटलं मला."

कृत्तिका पडद्याकडे वळली. नऊ हजार पावले ज्यात येतात त्या तिसऱ्या खांबाकडे तिने पाहिले.

"आजोबा, त्रेचाळीस म्हणजे शून्य नाही ना," ती म्हणाली. "चालणाऱ्यांमध्येसुद्धा त्रेचाळीस जणांना झालाच आहे. आजीला हे माहीत असणार."

टिपणने त्यात भर घातली. धोका कमी होणे म्हणजे आजार होणार नाही असे वचन नव्हे. हजारांतले कोण त्या त्रेचाळिसांत असेल, हे आज कुणालाच सांगता येत नाही. एक्याऐंशीऐवजी त्रेचाळीस होतात, म्हणजे हजारामागे अडतीस माणसे या आजारापासून वाचतात, एवढे मात्र नक्की सांगता येते.

आजोबांनी टेबलावर फॉर्म पसरला. तारीख लिहिली. कारणापुढे हृदयविकार लिहिले. त्यांचे अक्षर नीट आले. टिपणने नोंद घेतली आणि तिसरा खांब जरासा वर सरकला. त्रेचाळिसाचे चव्वेचाळीस झाले. पायऱ्या तशाच राहिल्या.

समितीने अहवाल वाचला आणि अभ्यास पुढे चालू ठेवायचे कबूल केले. अट एकच घातली की घरोघर जायला माणूस हवा. टिपणची चाके उंबरठ्यावर अडतात. आजोबांनी अर्ज दिला. ते आता वर्षभर चालणार होते.

या वेळी बारा वर्षांची मुलेही अभ्यासात घ्यायची ठरली. कृत्तिकाने नाव दिले आणि विचारले की तिच्या गटाचे उत्तर कधी कळेल.

"चाळीस वर्षांनी," टिपण म्हणाला. "तेव्हा मी नसेन. माझ्या जागी दुसरा कुणी असेल."

"मी असेन," कृत्तिका म्हणाली, आणि कमरेला पट्टा बांधू लागली.