रेघेच्या अलीकडे

हे कुणीही खरं मानणार नाही, लावा पैज! आमच्या एल इएरो बेटावर वारा असा, की साबिनाची झाडं शेंडा जमिनीला टेकवून वाढतात, आणि आपल्या कोंबड्याची बांग शेजारच्या गावाला ऐकू येते, आपल्याला नाही. पण वाऱ्याचं सोडा. एकदा एका मुलीपायी खुद्द मरियामातेची पालखी डोंगरावर अडून बसली होती.

माता दर चार वर्षांनी वरच्या देवळातून खाली उतरते. वाटेत प्रत्येक गावाची रेघ. रेघेपर्यंत एका गावाचे खांदे, पुढे दुसऱ्याचे. पालखीपुढे नाचणारे मातेकडे तोंड करून नाचतात, म्हणजे अख्खा डोंगर उलट्या पावलांनी उतरतात. मातेला पाठ दाखवायची नाही. मेलं तरी नाही.

तर अशाच एका उतरणीला ढग रस्त्यावर येऊन बसले होते. खालच्या गावची दासिल रेघेपलीकडे आपल्या लोकांत उभी होती. आणि त्या धुक्यातून वरच्या गावचा तादेओ उलटा नाचत नाचत आला, तो थेट तिच्या अंगावर आदळला.

"डोळे आहेत का नाहीत?"

"आहेत की... पण ते मातेकडे आहेत," पाठ म्हणाली. "मागे वळता येत नाही. दिसायला कशी आहेस?"

"तुझ्या पाठीपेक्षा बरी!"

पाठीला हसू आलं. दासिलला दिसले फक्त दोन कान, लालभडक. तादेओ देखणा होता हो, याबद्दल बेटावर दुमत नाही. पण दासिलचा जीव जडला तो त्या कानांवर.

पुढची चार वर्षं तिने डोकं धरून काढली. तादेओ दर रविवारी डोंगर उतरून यायचा, अंगणात बसायचा, तिच्या हातची चीजची गोड केसादिया खायचा आणि बोलायचा... शेळ्यांबद्दल. कबरीला ताप आला. कबरीने कुंपण मोडलं. कबरीचं दूध वाढलं. दासिल त्याच्या डोळ्यांत बघायची, तो टोपी गोल गोल फिरवायचा. ती म्हणायची, "आणखी काही सांगायचंय?" तो म्हणायचा, "हो... कबरीला जुळं झालं."

शेवटी ती वैतागली. मावशीने पलीकडच्या तेनेरिफे बेटावर हॉटेलात काम बघून ठेवलं होतं. दासिलने जाहीर केलं : या उतरणीला आपल्या गावाची रांग मी नाचवणार, आणि संध्याकाळच्या बोटीने जाणार. अंगणात हे ऐकून तादेओचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "बोटीवर शेळ्या नेऊ देतात का?"

उतरणीचा दिवस उजाडला. पांढरा घागरा, फितींची टोपी, हातात चिपळ्या... दासिल रेघेपलीकडे तयार. वरून ढोल आला, बासरी आली, उलट्या पावलांची रांग आली. सगळ्यात खाली, तिच्या हाताच्या अंतरावर, तीच पाठ. तेच कान.

आणि रेघेच्या अलीकडे एक पाऊल राहिलं असताना ती पाठ थांबली.

"ए, रेघ आली, द्या पालखी इकडे!" दासिलचे वडील एलिगिओ ओरडले. खालच्या गावचे खांदेकरी त्यांच्या शब्दावर चालत.

"कुठे आली? रेघ अजून लांब आहे, त्या दगडापाशी!" वरचे ओरडले.

"तो दगड तुझ्या आजोबाने हलवला!"

"आजोबाला पाणी पिताना पेला उचलवत नव्हता, दगड काय हलवतोय!"

झालं, जुंपली. बायाबापड्यांनी दोन्हीकडून साक्षी काढल्या. दासिलने मात्र दात-ओठ खाऊन पाठीला विचारलं, "तादेओ, हे तू करतोयस?"

"मी कुठे काय... जरा पाय दुखतोय."

"कुठला?"

"दोन्ही."

"एक पाऊल मागे ये. मला नाचायचंय."

"मी पाऊल टाकलं की पालखी तुमची. तू नाचशील... आणि मग बोट."

"मग तुला काय त्याचं?"

वारा सुटला, टोपीच्या फिती तिच्या तोंडावर फडफडल्या. खाली समुद्रात बोट टिकलीएवढी दिसत होती.

"तुला माहितीये, कबरी हल्ली..."

"कबरीचं नाव काढलंस तर या चिपळ्या टाळक्यात घालीन!"

कान लाल झाले. मग तो हळूच म्हणाला, "माते, तूच सांग ना हिला..."

"मातेला मध्ये घालू नकोस. तिला चार वर्षांतून एकदा फिरायला मिळतं, तेही सुखाने फिरू देत नाहीस. सांगायचंय ते मला सांग. तोंडावर."

"तोंडावर म्हणजे वळावं लागेल."

"मग?"

आणि मग, लोकहो, तादेओने बेटावर कुणी केलं नव्हतं ते केलं. छाती काढली, टाच फिरवली आणि मातेला पाठ करून दासिलकडे वळला! ढोल थांबला. एलिगिओंच्या हातातली काठी गळाली. साबिनाची झाडं बघायला ताठ उभी राहिली. आणि तादेओ सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाला, "दासिल, माझं तुझ्यावर प्रेम आहे. जाऊ नकोस!" तशी मरियामाता हसली, आणि पालखी कुणी हात न लावता आपली आपण तरंगत रेघ ओलांडून...

"खोटं!" चुलीपाशी केसादिया भाजत असलेली दासिल तिथूनच कडाडली. "धडधडीत खोटं! तू वळलास कुठे रे, तादेओ? दोन्ही कान धरून मी वळवलं तुला! आणि म्हणालास काय, ते सांग ना या लोकांना! म्हणे, 'कबरीला तुझी सवय झालीये.' एवढंच! आणि एवढ्यावर मी बोट सोडली!"