मुकी नाणी

कपबशांच्या कारखान्यात तिला सगळे टिचकीबाई म्हणत. भट्टीतून निघालेला कप तिच्या टेबलावर यायचा, ती बारीक लाकडी दांडीने त्याला टिचकी मारायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, हा चांगला, ह्याच्या पोटात तडा. जो तडा कुणाच्या डोळ्यांना दिसत नसे, तो तिच्या कानांना ऐकू येई. निवृत्तीच्या दिवशी मालक म्हणाले होते, "कारखान्याचा कान आज घरी चाललाय." हे वाक्य तिने इतक्या जणांना ऐकवलं होतं, की शेवटी नवऱ्याने विचारलं, "पाटी करून दारावर लावू का?"

"लावा की," ती म्हणाली. "खोटं आहे का त्यात काही?"

घरी बसल्यावर कानाला काम उरलं नाही आणि मग हा नाद लागला. बँकेतून सुट्ट्या नाण्यांचे कागदात गुंडाळलेले रोल आणायचे, जेवणाच्या टेबलावर फोडायचे आणि एकेक नाणं पारखायचं. जुनं, दुर्मिळ किंवा टांकसाळीत ठसा चुकलेलं काही हाती लागलं तर ठेवून घ्यायचं, बाकीचं दुसऱ्या शाखेत नेऊन भरायचं. हा छंद असलेली इतर मंडळी भिंग घेऊन बसत. तिने टेबलावर एक जाड काच मांडली. नाणं थोड्या उंचीवरून काचेवर सोडायचं आणि ऐकायचं. रोजचं नाणं टक् करून गप्प बसे. चांदी मिसळलेल्या जुन्या नाण्याचा आवाज मात्र रेंगाळायचा, खोलीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा. तो ऐकला की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

नवऱ्याची हयात बसच्या स्टिअरिंगमागे, इंजिनाच्या घरघरीत गेली होती. "मला तर सगळी सारखीच वाजतात," तो पेपरामागून म्हणायचा.

"म्हणूनच देवाने तुम्हाला हॉर्न दिला," ती म्हणायची.

पण शेजारीपाजारी, दुकानात, न्हाव्याकडे तो तिचं कौतुक सांगत फिरतो, हे तिला ठाऊक होतं. संग्राहकांच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं आणि यंदाची ढाल आपल्याच बायकोला मिळणार, असं त्याने परस्पर जाहीरही करून टाकलं होतं.

त्या सकाळी ऊन टेबलावर आलं होतं. तिने एक रोल फोडला आणि नेहमीच्या लयीत नाणी सोडायला सुरुवात केली. टक्. टक्. टक्. मग एक नाणं काचेवर पडलं आणि काहीच झालं नाही.

ते पडताना तिने पाहिलं होतं. ते उसळलं, कडेवर थरथरलं, आडवं झालं. आवाज नाही.

कान गेले, हाच पहिला विचार. तिने घाईघाईने पुढचं नाणं सोडलं. टक्. पुन्हा ते आधीचं. काही नाही.

"अहो, इकडे या जरा."

नवऱ्याने नाणं घेतलं, काचेवर टाकलं. मग फरशीवर. मग स्टीलच्या वाटीत टाकून वाटी खुळखुळवली. नाणं आत गरगर फिरत होतं, आणि वाटी कापसाने भरल्यासारखी गप्प होती.

"हे काय गं?"

"कुणास ठाऊक." तिने ते उजेडात धरलं. वजन तेच, छाप तोच, साल अगदी अलीकडचं. भिंगवाल्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "पण हे कुणाकडेच नसणार. अख्ख्या जगात कुणाकडे नसणार."

पुढच्या आठवड्यात आणखी एक सापडलं, वेगळ्या शाखेच्या रोलमध्ये. मग आणखी दोन. नंतर तर असा एकही रोल येईना, ज्यात एखादं मुकं नाणं नाही. जणू शहरभर विखुरलेली ती नाणी वाट विचारत तिच्याकडे येत होती. तिने त्यांच्यासाठी पत्र्याची डबी काढली आणि ती कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. अधूनमधून ती डबी काढायची आणि कानाशी धरून जोरात हलवायची. आत भरपूर नाणी आदळत. हाताला ते आदळणं जाणवे. बस, तेवढंच.

डबीचं झाकण आधी खाडकन लागायचं. ते वाजेनासं झालं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. मग कपाटाच्या दाराचं कुरकुरणं थांबलं.

"तेल न घालता बरं झालं," नवरा म्हणाला.

त्यानंतर कपाटावरच्या भिंतीवरचं घड्याळ. काटे चालत होते, लोलक हलत होता, वेळ बरोबर दाखवत होतं. तिने खुर्चीवर चढून त्याला कान लावला आणि उतरली. नवऱ्याला तिने ते सांगितलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नवरा हल्ली दचकायला लागला होता. तो दाढी करत असायचा, मान वर करायचा, तर आरशात मागे ती उभी. "अगं, कधी आलीस? चाहूल तरी द्यावी माणसाने."

"चपला घालूनच आले की."

चहा झाला म्हणून ती हाक मारायची, तर तो पेपरातून डोकं काढायचा नाही. समोर जाऊन उभं राहावं लागे. ती म्हणायची, तपासून घ्या एकदा कान. तो खरंच जाऊन तपासून आला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठणठणीत. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण तिने तिला हुसकावून लावलं.

"परत देऊन टाक ती नाणी," एकदा जेवताना तो म्हणाला. ताटात बघतच म्हणाला.

"प्रदर्शनाच्या तोंडावर? वेड लागलंय का तुम्हाला?"

"मला ती बरी वाटत नाहीत."

"तुम्हाला काही करायचं नाहीये. टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत बसा, म्हणजे झालं."

तो हसला, पण घास हातातच राहिला.

प्रदर्शनाचा हॉल गच्च भरला होता. मंडळाचे अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर, बोलके, विनोदी गृहस्थ. त्यांनी तिच्या डबीतली मूठभर नाणी घेतली आणि सगळ्यांदेखत संगमरवराच्या फरशीवर उधळली. नाणी उसळली, घरंगळली, लोकांच्या पायांत गेली. हॉलमधल्या कुजबुजीवर एक ओरखडासुद्धा उठला नाही. अध्यक्षांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग टाळ्या. अशा टाळ्या त्या हॉलने कधी ऐकल्या नसतील. लोक गुडघ्यांवर बसून नाणी वेचून तिच्या ओंजळीत आणून देत होते, कुणी तिच्या पाया पडत होतं. ढाल तिला मिळाली. पुढच्या रांगेत नवरा उभा राहून टाळ्या पिटत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

तिला बोलायला सांगितलं. ती माइकसमोर उभी राहिली आणि बोलली. भट्टीबद्दल बोलली, कपाच्या पोटातल्या तड्याबद्दल, मालकांच्या वाक्याबद्दल. ऐकणं ही सुद्धा नजरच असते, असं म्हणाली. समोर शेकडो चेहरे तिच्यावर खिळले होते, जिवाचा कान करून ऐकत होते. आयुष्यात आपलं इतकं कुणी ऐकलं नव्हतं, असं तिला वाटलं. बोलणं संपल्यावर अध्यक्षांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माइककडे झुकून म्हणाले, "ऊर भरून आलाय त्यांचा. आपण समजू शकतो." पुन्हा टाळ्या.

परतताना टॅक्सीत ढाल तिच्या मांडीवर होती. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"दोन शब्द तरी बोलायचे होतेस," तो म्हणाला. "नुसतीच ओठ हलवत उभी राहिलीस."

"बोलले की! इतकं बोलले!"

तो खिडकीबाहेरच बघत राहिला.

तिने त्याच्या दंडाला हात लावला. तो वळला. "काय? काही म्हणालीस?"

दुसऱ्या दिवशी बँक उघडताच ती डबी घेऊन हजर झाली. नवरा सोबत होता. तिने डबी खिडकीतून आत सरकवली. कॅशियरने झाकण काढलं आणि नाणी लोखंडी ट्रेमध्ये ओतली.

खळखळाट झाला. सगळी वाजली. बँकेतल्या माणसांनी वळून पाहिलं इतकी वाजली.

नवऱ्याने आनंदाने तिचा हात घट्ट धरला. "झालं! सुटलो गं!"

"सुटलो," ती म्हणाली.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. कॅशियर काचेआडून म्हणाला, "काकू, जरा मोठ्याने बोला."

घरी आल्यावर तो चपला न काढताच खुर्चीत टेकला.

"माझेच कान गेलेत," तो म्हणाला. "दुसरं काही नाही." तेवढ्यात आत नळ ठिबकायला लागला, आणि तो उठून बंद करून आला.

मग तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. लहान मुलासारखं डोकं पुढे केलं आणि तिच्या छातीला कान लावला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. तिला स्वतःला छातीतली धडधड स्वच्छ ऐकू येत होती. दणदणीत, एकसारखी, कुठेही तडा नसलेली.

"बघा," ती म्हणाली, "कशी वाजतेय."

त्याची बोटं तिच्या मनगटावर सरकली, नाडी सापडली तिथे थांबली. कान मात्र थांबला नाही. तो डावीकडे सरकला, थोडा खाली, पुन्हा वर, मग परत डावीकडे.