एकेचाळीस श्वास

शहाऐंशी साली सांता क्लारातल्या एका छोट्या कंपनीत मी जुनी गाणी सीडीसाठी साफ करायचो. खरखर काढायची, खोकला काढायचा. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच काम चोख होतं असं साहेब म्हणत.

एकदा डेला मॅबरीची टेप आली. पन्नासच्या दशकात तिच्या गाण्यांवर पोरं बेभान नाचायची. थिएटरच्या पुढच्या दारावर तिचं नाव, आणि काळी म्हणून तिला प्रवेश मात्र मागच्या दारानं. पुढे नवे गायक आले, ही चर्चपुरती उरली. आता साठीला टेकल्यावर ओकलंडमध्ये तिचा कार्यक्रम ठरला होता. पुन्हा उभं राहायची ही शेवटचीच संधी.

प्रत्येक ओळीआधी ती मोठ्यानं श्वास घ्यायची. मला तो कचरा वाटला. एकेचाळीस होते. सगळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"कालपासून... श्वास पुरत नाही, हनी. ओळच सुरू होत नाही... तू माझं काय काढलंस?"

मी कोणाला काहीच सांगितलं नव्हतं. खरं सांगतो, घाबरलो.

मूळ टेपवरून चाळीस श्वास परत आणले. शेवटच्या जागी मात्र काल वाजवतानाच टेपचा थर झडला होता. तिचाच दुसरा श्वास लावून पाहिला, बसेना. साहेबांना काम संध्याकाळी हवं होतं. मी माइक ओढला आणि तिथे माझा श्वास भरला.

घरी त्याची कॅसेट लावली. बायको भाजी चिरता चिरता थांबली.

"अहो, शेवटी हे तुम्ही ब्रीद करताय का?"

तेवढ्यात फोन वाजला. डेलाच होती, आवाज खणखणीत.

"सगळे आले. एक नवा आहे... चांगला आहे. ठेवून घेते हं."

ओकलंडचा कार्यक्रम तुफान गाजला. शेवटच्या ओळीआधी तिनं श्वास घेतला आणि तिसऱ्या रांगेत माझी छाती रिकामी झाली. ओळ संपेपर्यंत हवा आत येईना.

मग दर शनिवारी, तिच्या कार्यक्रमाच्या वेळी, तेच. ती कुठल्याही गावात गात असो. डॉक्टर म्हणतात, छाती स्वच्छ आहे.

गेल्या मार्चमध्ये ती वारली. पेपरात फोटो आला होता. सुटलो, असं वाटलं मला.

आज शनिवार ना? बोलता बोलता थांबलो तर घाबरू नका. ओळ संपली की...