कापलेल्या छतातून आलेली हाक

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा साडू. घरात सगळे त्याला दादा म्हणतात. फॉल्स सीलिंगची छतं बसवणं हा त्याचा धंदा, आणि थापा मारण्यात तो अगदीच कच्चा.

घडलं ते भर दुपारी. त्याच्या धाकट्या भावाच्या, छोट्याच्या घरी, आतल्या खोलीत.

वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून छताचा जिप्सम बोर्ड भिजला होता. मधोमध फुगून पिवळा पडला होता. पाइप दुरुस्त झाला, आणि बोर्ड बदलायला दादा आला.

त्याच खोलीत त्यांची आई वारली होती.

दादाला ते सलायचं. आईसाठी त्याने आपल्या घरी वेगळी खोली काढली होती. छत स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

आई एकदाही तिथे झोपली नाही. "मला छोट्याकडेच बरं वाटतं," म्हणायची.

छोट्या चहा टाकायला गेला. दादाने शिडीवर चढून भिजलेला तुकडा कापून काढला आणि बॅटरी घेऊन भोकातून डोकं वर घातलं.

बोर्डाच्या वर जेमतेम हातभर जागा. सगळं कोरडं. धूळ...

आणि आईच्या तेलाचा वास.

मग खोकला. तिचाच.

"छोट्या... जेवलास का रे?"

अगदी कानाजवळ.

घाबरायचं सोडून दादा चिडला. गेल्यावरसुद्धा छोट्याच!

"मी आहे, आई," तो म्हणाला. "थोरला."

त्या हातभर जागेत कोणीतरी मागे मागे सरकत गेलं...

"तू नको. त्याला वर पाठव."

बॅटरी विझली.

शिडीवरून तो कसा उतरला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

"कोणाशी बोलत होतास रे, दादा?" छोट्या कप घेऊन दारात उभा होता. "मी बघू का चढून?"

"शिडीला हात लावायचा नाही!" दादा असा खेकसला की छोट्याच्या हातातला चहा सांडला.

नवा बोर्ड त्याने घाईघाईत ठोकला. प्रत्येक स्क्रू आवळताना वरून बोटांची टकटक... छोट्याला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

"छोट्याला सांगितलंस का?" सगळं ऐकून मी दादाला विचारलं.

"सांगितलं तर जाईल तो वर. आईने बोलावल्यावर थांबणार आहे का?"

मग तोंड फिरवून तो म्हणाला,

"मला एकदा जरी बोलावलं असतं ना... मी गेलो असतो."

आता त्याच जागी परत ओल आलीय. पाइप ठणठणीत आहे.

दादा उद्या तिकडे जातोय. मी बरोबर येतो म्हटलं...

तर नको म्हणाला.