बाहेर आहे, परत अपेक्षित

बंदरावरच्या वाचनालयात दुपारी पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची हल्ली जरा कुचंबणाच होते, कारण टेबलापाशी परवाने आणि दाखले मागणाऱ्यांची रांग लागलेली असते. ही करामत 'सेवाजोडी' या नव्या सरकारी यंत्रणेची. पूर्वी प्रत्येक सरकारी कार्यालयाचं यंत्र म्हणजे आपापलं कुलूपबंद कपाट होतं. एकाच माणसाचा पत्ता प्रत्येक कपाटात वेगळा. सेवाजोडीनं कपाटं तशीच ठेवली, फक्त प्रत्येकाला विचारलं, तुला नीट जमणारं काम कोणतं? ते काम 'सेवा' म्हणून सगळ्यांना खुलं झालं. पत्ता एकानं सांभाळायचा, बाकीच्यांनी त्याला विचारायचं, आणि कुठलंही काम कुठल्याही टेबलावरून करायचं. इतकी साधी गोष्ट सुचायला एवढी वर्षं लागावीत, याचंच नवल.

वाचनालयालाही तेच विचारलं गेलं, तेव्हा तालुक्यात बरीच थट्टा झाली. पुस्तकांच्या देवघेवीची सेवा कोणतं खातं मागणार? ग्रंथपाल हर्षदा आरोलकरांनी ती तरीही जोडून ठेवली.

त्या दिवशी रांगेत प्रणाली कुबल होती. तिचा नवरा रुपेश गेल्या हंगामात दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला आणि वादळानंतर त्या ट्रॉलरचा पत्ताच लागला नाही. रुपेशची स्वतःची छोटी होडी मात्र किनाऱ्यावर होती. तिचा परवाना संपला होता, आणि हंगाम तोंडावर आला होता.

"माका मरणाचो दाखलो होयो," प्रणाली खालच्या आवाजात म्हणाली. "तो असलो तर होडी माझ्या नावार होतली, म्हणतत."

हर्षदाताईंनी अर्ज उघडला. "सही तुकाच करुची लागतली, बाय."

प्रणालीनं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "तो मेलो म्हणान माझ्या हातान कसा लिवू? आणि होडी बंद ऱ्हवली तर पोरांका काय घालू?"

ताईंनी दाखल्याचा अर्ज मिटला आणि सेवाजोडीला सरळच विचारलं, होडी चालू ठेवायला काय लागतं?

यंत्रानं बंदर कार्यालयाचे नियम पाहिले. त्या कार्यालयाला मृत्यूशी काही देणंघेणं नव्हतंच. मालक हजर नसेल तर तोवर जबाबदार कोण, एवढंच त्याला हवं होतं. पण जन्ममृत्यूच्या नोंदणीत माणूस एक तर जिवंत, नाही तर मृत; 'हजर नाही' असा रकानाच नव्हता. यंत्रानं बाकीच्या सेवा धुंडाळल्या, आणि पडद्यावर ओळी उमटल्या: 'अशी स्थिती वाचनालयाच्या सेवेत आहे. बाहेर आहे, परत अपेक्षित. मालकी बदलत नाही, जबाबदार व्यक्तीची नोंद होते. ही सेवा वापरण्यास वाचनालयाची संमती आहे का?'

ताई चपापल्या. जितंजागतं माणूस पुस्तकाच्या रकान्यात घालायचं? त्यांनी पडदा प्रणालीकडे वळवला.

तिनं सावकाश वाचलं. "भायर हा," ती म्हणाली. "ह्याच तर मी सगळ्यांका सांगतंय."

ताईंनी संमती दिली. हंगामाच्या पहिल्या दिवशी होडी पाण्यात गेली. सुकाणूवर दीर होता, परवान्यावर जबाबदार म्हणून प्रणालीचं नाव होतं, आणि मालक रुपेशच होता.

वर्ष सरलं तशी प्रणाली पुन्हा आली. फोनवर आलेला संदेश तिनं ताईंसमोर धरला: 'मुदत संपली आहे. वाढवायची का?'

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुस्तकाची मुदत संपली की विचारायची ही सवय सेवेबरोबर परवान्यालाही चिकटली होती, आणि कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. "ह्यो प्रश्न बंद करून घेतंय मी," त्या म्हणाल्या.

"नको. बाकी सगळ्यांनी तेच्याबद्दल इचारूचा सोडल्यानी." प्रणालीनं 'होय' दाबलं. मग तिचं लक्ष शेजारच्या बटणाकडे गेलं. त्यावर लिहिलं होतं, 'परत आले'.

"ता बटण पुस्तक टेबलार इल्याशिवाय दाबूक येना नाय," ताई म्हणाल्या.

प्रणालीनं टेबलाकडे पाहिलं.

"म्हणजे तेका हंय घेवन येवक होया?"