चौदा नंबरचं एक्स्टेन्शन

रविवारी दुपारी टेलिफोन मिस्त्री कंपनीचं जुनं एक्सचेंज काढायला आला. ऑफिस बंद होतं. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास, एवढीच काय ती सोबत.

दार उघडून देताना वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, हे धूड कपाटाएवढं आणि तुमचा नवा सर्व्हर डब्याएवढा! मावणार का सगळं त्यात?"

"मावतं. माणसं सोडून."

"घ्या! सुट्टीच्या दिवशीसुद्धा तोंड पाडूनच," असं म्हणत वॉचमन हसत खाली गेला.

मिस्त्रीचा जीव त्या जुन्या यंत्रात अडकला होता. त्याची बायको इथंच ऑपरेटर होती. "नमस्कार, जरा थांबा, फोन जोडून देते," हे तिचं वाक्य त्यात रेकॉर्ड होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात तिचा आवाज कशातच उरला नव्हता. यंत्र उद्या भंगारात जाणार होतं.

ते वाक्य त्यानं आधी नव्या सर्व्हरवर उतरवून घेतलं. मग एक्स्टेन्शनची यादी भरायला बसला. साहेबांनी चौदा नंबरवर काट मारली होती. तो तिचा नंबर. काढायला त्याचा हात धजेना. त्यानं चौदा तसाच ठेवला. फोन मात्र त्याला कुठलाच जोडला नाही.

जुन्या यंत्राची वीज बंद केली. घरघर थांबली. खोली एकदम मुकी झाली.

आणि नव्या सर्व्हरच्या स्क्रीनवर चौदासमोर हिरवी खूण उमटली. कॉल चालू.

चौदा नंबर कुणाशी तरी बोलत होता... पलीकडच्या नंबरची जागा कोरी. चालू कॉल गुपचूप ऐकायची सोय सर्व्हरमध्ये असते. त्यानं तपासणीच्या फोनचा रिसीव्हर कानाला लावला आणि कळ दाबली.

"...जेवलास का?"

तीच. हे वाक्य तिनं कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं.

"अगं..." ऐकणाऱ्याचा आवाज पलीकडे जात नाही, हे ठाऊक असूनही तो बोलून गेला.

"एकटाच असतोस ना? मग ये की इकडे."

थोडी खरखर. मग तिला उत्तर देणारा आवाज आला... शांत, ओळखीचा. मिस्त्रीचा स्वतःचाच.

"हो गं. हा ऐकतोय ना, याला घेऊन निघतोच."