चौथं पॅनेल गार होतं

बॅटरीचा भोंगा वाजला तेव्हा बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं.

सूर्यताई बॅटरीपाशी धावली. लाल दिवा. वीज आत येत असल्याचं दाखवणारा काटा शून्यावर. या उन्हात शून्य?

शाळेच्या तळमजल्यावर अजून पुराचं पाणी होतं. वरच्या सभागृहात छावणी होती. सौरसंच घेऊन होडीतून आलेल्या या तरुण इंजिनिअरला पोरांनी ‘सूर्यताई’ करून टाकलं होतं. संचावर मुख्य काम एकच होतं: कोपऱ्यातल्या आजींचं ऑक्सिजनचं यंत्र. बॅटरी कालही भरली नव्हती. आज भरली नाही तर दिवस मावळायच्या आत यंत्र बंद पडणार होतं. होडी उद्या सकाळी येणार होती.

आजींनी डोळे उघडले. डोक्याखाली नुसती कापडी पिशवी होती.

“काय वाजतंय गं?”

“काही नाही, आजी. पडून राहा.”

“माझा फोन तेवढा चार्जिंगला लाव. लेक होडीवर गेलाय, पुरात अडकलेल्यांना काढायला. त्याचा फोन येईल.”

“बॅटरी भरली की सगळ्यांचे फोन लावते.” नियमच होता तो. आधी यंत्र, मग फोन.

सूर्यताई जिन्याकडे पळाली. भोंगा ऐकून वरून तिघं घाईघाईने उतरत होती. पुढे चाव्यांचा जुडगा वाजवत शाळेचा शिपाई. मागे डिझेलकाका, सौरसंच येईपर्यंत छावणीत त्यांचाच जनरेटर चालत होता, डिझेल संपल्यापासून ते सगळ्यांवर खार खाऊन होते. शेवटी आजींची सून, कपड्यांचं बोचकं छातीशी धरून.

“उन्हाच्या भरवशावर म्हातारीचा जीव टांगलात!” काका ओरडले.

सूर्यताई त्यांच्या बाजूने वर सटकली.

गच्चीवर कोणी नव्हतं. चार पॅनेलं रांगेत, आभाळाकडे तोंड करून. वायर शाबूत. सांधे घट्ट. तिने पहिल्या पॅनेलच्या काचेला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तवा नुसता. दुसरं तसंच. तिसरंही. तिन्हींवर पुराच्या गाळाची राखाडी धूळ.

चौथं पॅनेल गार होतं. त्याच्यावरची धूळ पुसली गेली होती.

ती वाकली. मागच्या बाजूला रंगाने लिहिलं होतं: ‘फोन’. बाकीच्यांवर ‘यंत्र’, ‘दिवे’, ‘फ्रीज’. कुठलं पॅनेल कुठल्या सामानाबरोबर होडीत चढवायचं, एवढ्यापुरत्या तिच्या पथकाच्या खुणा.

ती खाली आली तेव्हा काटा हलला होता. वीज येत होती. तिची भीती मात्र वाढली. वीज आपोआप गेली नव्हती, आपोआप आलीही नव्हती.

“गच्चीची चावी कोणाकडे?” तिने शिपायाला विचारलं.

“माझ्याकडे. पण दिवसा दार उघडंच. बायका कपडे वाळत घालतात, काका होडी दिसते का बघतात.”

“तुम्ही वर कशाला?”

“टाकीत पाणी किती, ते बघायला. ताई, माझा संशय घेऊ नका, मी उंदरालासुद्धा काठी मारत नाही.”

“काका, तुम्ही पॅनेलांजवळ गेलात?”

“मी? त्या आरशांच्या? तोंड बघायला?” मग त्यांचा आवाज उतरला. “पोरी, मी चिडका आहे. खुनी नाही.”

सून सासूपाशी बसली होती. बोचक्यातून गोधडी काढून तिने ती पिशवीच्या जागी सरकवली.

“तुम्ही कपडे वाळत घातलेत?”

“कुठलं? वर पोचले नि भोंगा वाजला. दोरीला हातही लागला नाही. तशीच पळत आले.”

“अगं बाई,” आजी पुटपुटल्या, “गोधडी किती ऊन लागतेय.”

सूर्यताईने गोधडीखाली हात घातला. चुलीजवळून काढल्यासारखी. खालच्या अंगाला राखाडी धूळ.

“वहिनी, जरा बाहेर येता?”

काका आणि शिपाई जिन्यात उभेच होते.

“गोधडी गच्चीवर पसरली गेलीच नाही, तर तापली कशी?” सूर्यताई हळू बोलली. “चौथ्या पॅनेलला मिळालं नाही ते ऊन या गोधडीला मिळालं. धूळही तिथलीच. भोंगा वाजताच तुम्ही ती काढलीत. म्हणजे यंत्र बंद पडावं असं तुम्हाला वाटत नव्हतं. झाकलंत तेही नेमकं ‘फोन’ लिहिलेलं. तुम्हाला फक्त फोन बंद ठेवायचे होते.”

सुनेने भिंत धरली.

“एकच झाकलं, ताई. यंत्राचं सोडून.”

“यंत्राचं वेगळं असं काही नाही. चारही एकापुढे एक जोडलेली आहेत. ही उतरंड समजा. चार मडकी रचली तर छताला टेकतात. एक काढलं की बाकीची कितीही धड असली तरी वर पोचत नाहीत. तीन पॅनेलांचा दाब बॅटरीत वीज ढकलायला पुरत नाही, त्यातून उन्हाने तापलं की पॅनेलचा दाब आणखी उतरतो. कालही हेच झालं ना?”

“हो.” तिचे दात वाजत होते. “काल सकाळी होडीवाल्याने सांगितलं. यांची होडी उलटली. हे… सापडले, पण… सगळ्या गल्लीला कळलंय. पहिला जो फोन लागेल तो हेच ओरडेल. डॉक्टर म्हणाले होते, आईंना धक्का सोसायचा नाही. आणि मीच त्यांचा श्वास…”

काकांनी मान खाली घातली. शिपायाने चाव्या मुठीत गच्च धरल्या.

“फोन चार्ज करायची पेटी माझ्या एका बटणाने बंद होते, वहिनी,” सूर्यताई म्हणाली. “मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर खरं झालं असतं.”

“सूनबाई!” आतून हाक आली.

यंत्र संथ फुसफुसत होतं. सून आत जाऊन उभी राहिली.

आजी छताकडे बघत होत्या. “तो गेला ना?”

सून त्यांच्या उशाशी टेकली.

“मी सारखी फोन फोन करत्येय. कालपासून तू एकदाही विचारलं नाहीस, त्याचा फोन आला का म्हणून.” नळीतून एक लांब श्वास आत गेला. मग दुसरा. आजींनी चाचपडत सुनेचा हात धरला आणि डोक्याखालची गोधडी ओढून काढली.

“घे ही. हात बघ किती गार पडलेत तुझे.”